गाय उलटते तेव्हा आधी माजाची तारीख बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पानावर उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गाईंसाठी झाडपाल्याच्या उपायांची माहिती आली, त्याबद्दल मनापासून आभार. संगमनेर तालुक्यात आमचा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईंचा गोठा आहे. धारांपासून रेतनाच्या नोंदींपर्यंत सगळं मीच बघते आणि हे उपाय करतेही, म्हणून लिहावंसं वाटलं. मुळा, कोरफड, शेवगा, हाडजोडी, कडीपत्ता ही नावं त्यात आली, पण सुरुवात कधी करायची हेच राहून गेलं. या उपायात सगळी मदार त्या दिवसावर आहे.

तंजावरचे प्रा. पुण्णियमूर्ती यांनी परंपरागत वैदूंकडचे असे उपाय नीट मांडले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते दूध उत्पादकांपर्यंत आणले. त्यातला क्रम असा: माजाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सुरुवात. रोज एक पांढरा मुळा, 5 दिवस. मग रोज कोरफडीचं एक पान, 4 दिवस. त्यानंतर शेवग्याचा पाला चार मुठी, 4 दिवस. हाडजोडीची कांडी चार मुठी, 4 दिवस. शेवटी कडीपत्ता चार मुठी थोड्या हळदीसोबत, 4 दिवस. सगळं ताजं, दिवसातून एकदा, गूळ-मीठ लावून. बेरीज केली तर 21 दिवस होतात, म्हणजे गाईचं एक माजचक्र. शेवटचा कडीपत्ता खाऊन होतो तेव्हा पुढच्या माजाची वेळ आलेली असते, आणि गाय उलटली की थांबली ते कळतं. गाभ राहिला नाही तर पुन्हा एकदा हाच क्रम करायचा. पण आमच्याकडे होतं काय, की कुणी सांगितलं म्हणून अधल्यामधल्या दिवशी शेवग्याचा पाला टाकायचा, दोन दिवस कोरफड द्यायची आणि महिन्याने म्हणायचं, झाडपाल्याने काही होत नाही.

देण्यातही खुबी आहे. कोरफडीचा पिवळा चीक कडू असतो. नुसतं पान गाय हुंगते आणि तोंड फिरवते. मी पान कापून काटे काढते, तुकडे गुळात घोळून हातानेच भरवते, म्हणजे घमेल्यात उरत नाही. हाडजोडी ठेचताना हाताला खाज सुटते, आधी खोबरेल चोळलेलं बरं. जून कांडी घेऊ नये, शेंड्याकडची कोवळी घ्यावी. या वेलीचा एक तुकडा बांधाला लावला तरी कुंपणभर पसरते, विकत आणायची गरज नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. हा उपाय प्रत्येक गाईसाठी नाही. जी गाय वेळेवर माजावर येते, सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ टाकते, तरी तीनदा रेतन करूनही गाभण राहत नाही, तिच्यासाठी तो आहे. सोट गढूळ असेल, त्यात पुवाचे धागे दिसत असतील, तर गर्भाशयाला सूज आहे. तिथे डॉक्टरांनाच बोलवायचं. माजावरच न येणारी गाय आधी तपासून घ्यायची, कारण ती गाभण असू शकते. आणि व्याल्यावर दूध भरपूर, खुराक मात्र तोकडा, बरगड्या मोजता येतात अशी गाय असेल, तर तिला आधी पोटभर चारा, पेंड आणि रोजचं खनिज मिश्रण हवं. अंगातलं सगळं दुधात चाललंय, ती माजावर येणार कशी?

मुळात पुढचं बरंच दुखणं व्यायच्या रात्रीच सुरू होतं. वार (वासरामागून पडणारी झिल्ली) अडकली की तिला दगड बांधायचा, चप्पल लटकवायची, नाहीतर हात घालून ओढायची, हे अजूनही चालतं. त्यात गर्भाशय आतून फाटतं, सडतं आणि तीच गाय पुढे वर्षभर उलटत राहते. याउलट व्याल्यापासून दोन तासांच्या आत एक अख्खा पांढरा मुळा द्यावा, आठ तासांत वार पडली नाही तर दीड किलो भेंडी गूळ-मीठ लावून द्यावी, हाही त्याच उपायांमधला सल्ला आहे. व्यायला टेकलेली गाय असेल तेव्हा मी मुळा आधीच आणून ठेवते, रात्री दोन वाजता कुठे शोधायचा? ताप आला, घाण वास येऊ लागला, तर मात्र भेंडीवर विसंबू नये.

रेतनाची वेळही तितकीच मोलाची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे आम्हाला पाठ आहे. पण फोन केल्यावर रेतन करणारा माणूस त्याच्या फेरीच्या वेळेलाच येतो, माज ओसरून जातो, आणि दोष गाईला लागतो. एक माज हुकला की 21 दिवस गेले. तीन हुकले की दोन महिन्यांचा चारा भाकड गाईपुढे. दुधाच्या आजच्या भावात लहान गोठ्याला हे झेपत नाही, आणि मग चांगली तरणी गाय बाजारात जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येक गाई गाभण राहिल्या असत्या.

दुसरीकडे याच पाल्याच्या नावाने बाटल्या आणि पुड्या विकणारे गोठ्यागोठ्यात फिरतात. आत काय आहे, किती आहे, लिहिलेलं नसतं. जे बांधावर फुकट उगवतं त्याला पैसे का मोजायचे?

आपल्याला दोन विनंत्या आहेत. ही माहिती पुन्हा छापावी, दिवसांच्या क्रमासह, आणि कोणत्या गाईला देऊ नये हेही ठळक अक्षरांत. आणि दूध संकलन केंद्रांना आपल्या पानावरून आवाहन करावं, की फॅटच्या पावतीसोबत प्रत्येक गाईसाठी एक कार्ड द्या: व्यायली कधी, वार पडली कधी, माज कधी, रेतन कधी, सोट कसा. डॉक्टर आले की हे कार्ड त्यांच्या हातात देता येईल. बहुतेक गोठ्यांत या तारखा बाईच्या डोक्यात असतात, आणि डॉक्टर विचारतात घरच्या पुरुषाला.

आपली,
एक दूध उत्पादक
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर