हिमोसायनिन म्हणजे तांब्याचे हिमोग्लोबिन नव्हे

आपल्या विज्ञान पुरवणीतील गोगलगायीच्या निळ्या रक्तावरचा लेख आवडला. मात्र ‘हिमोग्लोबिनमधील लोहाच्या जागी तांबे आले की हिमोसायनिन तयार होते’ हे, त्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या या प्रथिनाबद्दलचे, विधान चुकीचे असून, विद्यार्थी ते तसेच पाठ करतील या काळजीने हे पत्र लिहीत आहे. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू हीम नावाच्या सपाट कड्याच्या मधोमध असतो आणि असा एक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. हिमोसायनिनमध्ये, नावात साम्य असले तरी, हीम मुळी नसतेच. तेथे तांब्याचे दोन अणू शेजारी शेजारी असतात, त्यांतील प्रत्येकाला प्रथिनातील तीन हिस्टिडीन (एक प्रकारचे अमिनो आम्ल) थेट धरून ठेवतात आणि ऑक्सिजनचा एक रेणू या दोन अणूंच्या मध्ये आडवा बसतो. त्या वेळी दोन्ही अणू आपला एकेक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकवतात. निळा रंग येतो तो या बदलामुळे. म्हणूनच ऑक्सिजन सुटला की तोच द्रव रंगहीन होतो आणि परीक्षानळीत हवेसह हलवला की पुन्हा निळसर होताना डोळ्यांना दिसतो.

लेखात सरसकट सर्वच गोगलगायींचे रक्त निळे असल्याचे म्हटले आहे, तेही बरोबर नाही. गोड्या पाण्यात राहणाऱ्या, चपट्या वेटोळ्यासारखा शंख असलेल्या प्लॅनॉर्बिस गोगलगायीच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिनच असते (तेही पेशींत नव्हे, तर द्रवात विरघळलेले) आणि ते रक्त लाल असते. या दोन्ही विधानांची दुरुस्ती पुरवणीच्या पुढील अंकात छापावी, ही विनंती.

– जीवशास्त्राचा एक शिक्षक