खाऱ्या वाऱ्यातल्या चिरेबंदी घराला सिमेंटचा गिलावा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत कोकणातल्या गावच्या घरांच्या डागडुजीवर लेख आला आहे. त्यातला उपाय थोडक्यात असा: सुटलेला गिलावा पाडा, वॉटरप्रूफिंगची पावडर घालून १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) असा सिमेंटचा नवा गिलावा करा आणि वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या. घाटावरच्या, मुळातच सिमेंटात बांधलेल्या घराला हे चालून जाईल. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या जांभ्याच्या घराला मात्र हाच उपाय नडतो. कोल्हापुरात राहून अशी घरे राखणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून तिकडे कामाला जाणारे गवंडीही इथलेच. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी बिघाड कसा होतो ते पाहू. समुद्राचे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळते आणि खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळाभर ते चिऱ्याच्या छिद्रांत पाण्यात मिसळून असते, तेव्हा त्रास देत नाही. पाऊस ओसरून हवा कोरडी पडली की भिंतीतले पाणी बाहेरच्या अंगाला सरकते, तिथे उडून जाते आणि मीठ मागे राहते. छिद्रात वाढणारा स्फटिक दगडाला आतून रेटतो. गणपतीत धड दिसलेली भिंत दिवाळीनंतर भुकटी सोडू लागते ती यामुळे. भिंतीचे तोंड मोकळे असेल तर हे स्फटिक बाहेर पांढरे फुटतात आणि झाडणीने निघतात. वर सिमेंटचा घट्ट थर किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर पाणी त्याच्या मागेच वाळते आणि मीठ चिरा आणि गिलावा यांच्यामध्ये साठते. मग गिलावा सुटतो तो चिऱ्याचा पापुद्रा बरोबर घेऊनच. मालक म्हणतो माल कच्चा होता, आणि पुढच्या खेपेला सिमेंट वाढवतो!

ताकदीचा हिशेबही उलटा पडतो. जांभ्याच्या चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक दाबाची ताकद किमान साडेतीन न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मागते. १:४ सिमेंटच्या मालाची ताकद याच्या दुपटीच्या घरात जाते. जुन्या भिंतीत दर्जा, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांत भरलेला माल, चिऱ्यापेक्षा मऊ असावी लागते, म्हणजे हालचाल आणि मीठ दोन्ही ती सोसते. ती झिजली तर पुन्हा भरता येते. दर्जा टणक आणि चिरा मऊ झाला की चिरा खोल खात जातो आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उरतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी कंपाउंडच्या भिंतींवर हे चित्र दिसते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाणी कुठून येते ते ठरवा. ओलीची रेघ जोत्यापासून साधारण एकाच उंचीवर, तीन-चार फुटांवर थांबत असेल तर पाणी जमिनीतून चढते आहे. डाग फक्त नैर्ऋत्य-पश्चिमेच्या भिंतीवर असतील तर ती पावसाची झड. भिंतीच्या माथ्याखाली ओल असेल तर कौले सरकलीत किंवा वासे-पाट कुजले आहेत, तिथे गवंड्याआधी सुताराला बोलवा. जमिनीतून चढणाऱ्या ओलीत दोष बहुधा अलीकडच्याच ‘सुधारणां’चा असतो. रस्ता उंच झाला, अंगणात भिंतीला भिडवून काँक्रीटचा कोबा केला, आत शेणाच्या किंवा शहाबादी जमिनीवर चकचकीत टाइल बसवल्या. जमिनीतून वर येणारा दमटपणा पूर्वी जमिनीभर उडून जायचा. आता त्याला भिंत तेवढी उरते. भिंतीलगतचा फूट-दीड फूट कोबा फोडावा, माती आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच खाली न्यावी, चरात खडी भरून पाण्याला बाहेरचा उतार द्यावा. चर पायाच्या तळापर्यंत कधीही खणू नये. वळचणीची पागोळी भिंतीपासून दीड-दोन फुटांवर पडली पाहिजे. झडीच्या बाजूला पावसाळ्यापुरते माडाच्या झावळांचे झाप बांधायची जुनी रीत कुठल्याही रंगापेक्षा जास्त उपयोगी आहे, आणि ती गावंढळ वाटते म्हणून सोडण्यात काही शहाणपण नाही. भोके पाडून रसायन भरायच्या ओल-रोधक उपायाबद्दल आमचे मत चांगले नाही. जांभ्याची छिद्रे इतकी वेडीवाकडी असतात की रसायनाचा सलग पट्टा जमेल याची खात्री देता येत नाही.

पाणी अडवल्यावर मीठ. सिमेंटचा गिलावा छिन्नीने, बाजूने हळूहळू सोडवा. ब्रेकर लावला की चिऱ्याचे तोंड जाते. मग कोरड्या ब्रशने भुकटी झाडा आणि खाली ताडपत्री पसरून ती गोळा करून लांब टाका. जोत्याशी पडलेले मीठ पहिल्या पावसात परत आत जाते. पाइपने भिंत धुणे आणि ॲसिड लावणे ही दोन कामे करूच नयेत: पहिल्याने मीठ खोल जाते, दुसऱ्याने नवे क्षार तयार होतात.

आत मुरलेले मीठ ओढायला लगद्याचा लेप लावतात. एक भाग चिनी माती, दोन भाग धुतलेली वाळू आणि हाताला चिकटून राहील इतका कागदाचा लगदा गोड्या पाण्यात मळायचा. वर्तमानपत्राच्या रद्दीची शाई भिंतीला लागते, म्हणून पांढरा कागद बरा. संपादकांनी राग मानू नये. भिंतीवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून अर्धा इंच जाडीचा लेप दाबून बसवायचा आणि आपोआप वाळून सुटेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, तसाच ठेवायचा. पाणी आत जाते, मीठ विरघळवते आणि वाळताना ते लेपात आणून सोडते. सुटलेला लेप फेकण्याआधी त्यातला दहा ग्रॅम भाग १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, गाळ बसू देऊन टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. घरच्या आरओ फिल्टरसाठी मिळतो तोच पेनासारखा मीटर चालतो. न वापरलेल्या लेपाचा आकडा आधी घेऊन ठेवावा आणि दोन्ही पडताळावेत. फरक मोठा असेल तर पुन्हा लेप. दोन-तीन लेपांनंतर आकडा खाली येतो. शून्यावर तो येणार नाही आणि यावा अशी अपेक्षाही नको. गोठ्याची खोली करून घेतली असेल तर तिथे जनावरांच्या मुतातून आलेले नायट्रेट असते. त्यातला चुन्याचा नायट्रेट जेमतेम ५० टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतो, म्हणून ती भिंत उन्हाळ्यातही ओलसर राहते. तिथे लेप जास्त लागतात.

आता चुना. दुकानात सफेदीसाठी मिळणारा जुन्या पोत्यातला चुना बांधकामाला नको, तो हवेने आधीच मेलेला असतो. ताजी चुनकळी, म्हणजे न विरवलेला भाजका चुना, आणावी. लोखंडी पिंपात पाणी आधी आणि कळी मागाहून, थोडी थोडी. कळीवर पाणी ओतले की ती उसळून डोळ्यांत उडते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे मुरवा. घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात नंतर फुटतात आणि फोड येतात. आतल्या भिंतीला एक भाग चुना, तीन भाग वाळू. झडीच्या बाजूला एक चुना, एक सुर्खी, दोन वाळू. सुर्खी म्हणजे भाजक्या विटांची भुकटी; ती बारीक दळलेली हवी, आणि विटा भाजून काळ्या पडलेल्या नसाव्यात. वाळू खाडीची नको. नाइलाज असेल तर गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवून तोच टीडीएस मीटर लावा.

चुन्यात गूळ म्हटले की कोल्हापूरकर खूश होतो. गुळाचे पाणी, हिरडा, उडीद हे घटक जुन्या कामात खरोखर घालत, आणि गुळाने चुना पाण्यात जास्त विरघळतो. पण हा प्रयोग सिमेंट मिसळलेल्या मालात करू नका. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरही त्याचे धरणे (घट्ट होणे) लांबवते, आणि शंभरात एकच्या आसपास गेली तर माल धरतच नाही.

दर्जा भरताना जुना माल किमान एक इंच, किंवा दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, खोल काढा. ग्राइंडर नको, चिऱ्याच्या कडा जातात. आदल्या रात्री आणि काम सुरू करण्याआधी गोडे पाणी शिंपडा, माल अर्ध्या इंचाच्या थरांनी दाबून भरा, आणि दर्जा चिऱ्याच्या कडेवर पसरू न देता किंचित आत ठेवा. गिलाव्याचा थर १० ते १२ मिलिमीटर आणि दोन थरांत आठ-दहा दिवस. थरावर ओले गोणपाट टांगून आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा फवारा मारावा. कोरड्या वाऱ्यात उघडा सोडला तर बारीक भेगा पडतात. बाहेरच्या बाजूला घोटून गुळगुळीत करू नये, रंध्याने खरखरीत ठेवावा. वरून चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात. तिच्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद ढकलायची सवय मोडली पाहिजे, कारण त्याचा पापुद्रा प्लास्टिकच्या रंगासारखाच वागतो. हा गिलावा मीठ खाऊन काही वर्षांनी उतरेल, तो उतरवायचाच असतो. त्याच्या जागी चिरा वाचतो.

पार खाल्लेला चिरा बदलायचा तर किमान चार इंच खोल कापून नवा तुकडा बसवा. शेजारचे दोन चिरे एका वेळी काढू नयेत. खाणीतून ताजा आलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर तीन महिने तरी मुरलेला घ्यावा. लाल रंग मिसळलेल्या सिमेंटने चिऱ्याची नक्कल करणे सर्वांत वाईट. खिडकीचे गज, कड्या, खुंट्या गंजल्या असतील तर गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगून दगड फोडतो. त्या काढून ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरा. ३०४ समुद्राजवळ डागाळते. दारा-खिडकीवर आरसीसीची आडवी तुळई (लिंटेल) नव्याने टाकणार असाल तर काँक्रीटचे मानक आयएस ४५६ किनाऱ्यावर किमान एम ३० ताकदीचे काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण (कव्हर) मागते, शिवाय पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत. किनाऱ्यावरच्या विहिरीचे पाणी न तपासता वापरू नये.

हे सगळे मे महिन्यात जमत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक सुट्टी काढून काम लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने आत घट्ट होतो. मेअखेरचा गिलावा जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या झडीला धुऊन जाईल. लेपाचे काम नोव्हेंबर-डिसेंबरात आणि गिलावा फेब्रुवारीअखेरपर्यंत आटोपायला हवा. मुंबईकराला हे अवघड आहे. कोल्हापूरहून शनिवार-रविवार करून होण्यासारखे आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या इथल्या जुन्या वाड्यांनाही बहुतेक हेच लागू पडते. फरक इतकाच की तिथे मीठ समुद्राऐवजी गाळातून आणि सांडपाण्यातून आले. अशी भिंत इंचाला एक महिना या ढोबळ हिशेबाने वाळते, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. पुरानंतर चार महिन्यांत केलेला सिमेंटचा गिलावा का फुगला, याचे उत्तर त्यात आहे.

काम देताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: चुना कळीचा की पोत्यातला, वाळू कुठली, लेपाचे आधीचे आणि नंतरचे टीडीएस आकडे, आणि सिमेंट कुठेही मिसळणार नाही ही हमी. शेवटचा हप्ता एक पावसाळा जाऊन दिवाळीनंतर भिंत पाहून द्यावा. हे मान्य नसणाऱ्या ठेकेदाराला काम न देणे बरे.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही गवंडी व स्थापत्य अभियंते,
कोल्हापूर