ज्या ताईंनी चढावर माझी सायकल धरली, त्यांना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असाल, माझी मुलगी तेवढीच आहे, तरी ताईच म्हणतोय. कारण त्या दिवशी चढावर ज्या आवाजात तुम्ही "द्या इकडे, मी धरते, तुम्ही आधी बसा" म्हणालात ना, तो आवाज ऐकून दुसरं काही तोंडात येतच नाही. चार दिवस झाले, मनगट अजून ठणकतंय, आणि ठणकलं की तुमची आठवण येते.

आधी सांगतो मी तिथे अडकलो कसा, म्हणजे तुम्हाला ते सगळं हास्यास्पद वाटलं असेल तर निदान पूर्ण हसता येईल. कामासाठी आलो होतो, काम एक दिवस आधीच आटपलं, हातात अख्खा मोकळा दिवस आणि शहर पूर्ण परकं. गुडघे असे की दोन तास चाललो की तिसऱ्या तासाला बाक शोधतो. बसने फिरलं तर स्टॉप दिसतात, शहर दिसत नाही. कोणीतरी म्हणालं इलेक्ट्रिक सायकल घ्या, पॅडल तुम्ही मारायचं, जोर मोटर लावते. शेवटची सायकल चालवून तीसेक वर्षं झाली असतील पण म्हटलं बघू.

आणि खरं सांगू, पहिले दोन तास मी वेडा झालो होतो आनंदाने. पहिल्या पॅडलला मागून कोणीतरी हलकेच पाठीला हात लावून ढकलावं तसं झालं, लहानपणी सायकल शिकताना वडील ढकलायचे तसं. सपाट रस्त्यावर इकोवर, म्हणजे मोटरच्या सगळ्यात कमी मदतीवर ठेवलं तरी मजेत जात होतो. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की मोटर आपोआप गप्प बसते, युरोपात तर तसा नियमच आहे, २५ पर्यंतच मदत आणि मोटर २५० वॉटची, पण मला २५ ची गरजच नव्हती, मी आपला १४-१५ ने चाललेलो. सगळ्यात भारी काय असेल तर रस्ता चुकायची भीती गेली. चालताना गल्ली चुकली की पाय चिडतात, इथे चुकली तर चुकली, वळवायची आणि यायचं परत. मी मुद्दाम चुकत होतो. शाळा सुटलेली बघितली, एका पुलाखाली कबुतरांचा कारभार बघत दहा मिनिटं उभा राहिलो, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून सायकल हातात धरून गेलो. गाडीतून यातलं एकही दिसलं नसतं.

आता त्या भाड्याच्या दुकानातल्या पोराबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, माफ करा. चावी हातात दिली, "सोप्पंय सर, बसा आणि निघा" एवढं बोलून तो मोबाईलमध्ये गेला. सीट माझ्या उंचीची आहे का बघितलं नाही. पाय जमिनीला जेमतेम अंगठ्याने टेकत होते. चढ येण्याआधी गिअर खाली घ्यायचा असतो, चढात अडकल्यावर नाही, हे कोणी सांगायचं? टायर दाबून बघितले नाहीत, मागच्या चाकाकडे तर कोणी बघितलंच नाही. सही मात्र तीन ठिकाणी घेतली.

मग तो चढ. वरच्या टेकडीवरून शहर दिसतं असं ऐकलं होतं म्हणून निघालो. निम्म्यात गेलो असेन, स्क्रीनवर पान्याचं चिन्ह आलं आणि मोटर गेली. गेली म्हणजे काय ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल, एका क्षणात सायकल दगड होते. या सायकलींचं वजन २५ किलोच्या आसपास असतं, बॅटरी, मोटर, जाड फ्रेम सगळं धरून, आणि मोटर चालू असेपर्यंत त्यातलं एक किलोही तुम्हाला जाणवत नाही. मी उतरलो, म्हणजे जवळजवळ पडलोच. स्टँड लावला तर सायकल कलंडते, चढच तेवढा. नुसता पुढचा ब्रेक दाबून एक हात मोकळा करावा म्हटलं तर सायकल मागे सरकते, तोंड वर असल्यावर सगळं वजन मागच्या चाकावर ना. म्हणजे दोन्ही हात ब्रेकवर, पोट सीटला लावलेलं, आणि खिशात वाजणारा फोन. आडवी लावून भिंतीला टेकवायची एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही, हे मी आता स्वतःच्या बाजूने सांगतोय.

हेल्पलाईनला कसाबसा फोन लावला, हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून. "ऑफ करून ऑन करा सर." केलं. "परत एकदा करा सर." परत केलं. "मग सर तुम्ही खाली दुकानापर्यंत घेऊन या." बरं.

त्या वीस मिनिटांत माझ्या बाजूने किती लोक गेले आणि किती सल्ले मिळाले! एक गृहस्थ थांबले, बॅटरी संपली असणार म्हणाले. मी म्हटलं चार कांड्या दिसतायत, तर म्हणे त्या खोट्या असतात. (अगदीच खोट्या नसतात, चढावर जोर लागला की एखादी कमी दिसते आणि सपाटीला आलं की परत येते, हे नंतर तुम्हीच सांगितलंत.) एक बाई म्हणाल्या या वयात कशाला. एकाने फोटो काढला बहुतेक. आणि एक पूर्ण ड्रेसमधला सायकलवाला, चकचकीत हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, तो न थांबता नुसता "मोटर म्हणजे चीटिंग काका" म्हणून वर निघून गेला. जा बाबा. तुझे गुडघे सलामत राहोत.

यातला एकही माणूस वाईट नव्हता हे मला कळतंय. पण सगळे बोलत होते तेव्हा माझ्या हातात २५ किलो होते, आणि बोलून ते कमी होत नव्हते.

मग तुम्ही आलात. वरून उतरत नव्हता, खालून येत होतात, पार्सलची मोठी बॅग पाठीला, तुमचीही इलेक्ट्रिकच, पण घासून रंग उडालेली. तुम्ही काय झालं विचारलं नाहीत. बॅटरी विचारली नाहीत. तुमची सायकल भिंतीला आडवी लावलीत, दोन पावलात आलात आणि माझ्या हाताच्या बाजूला हँडलवर हात ठेवलात. मी सोडेना, तेव्हा म्हणालात, "सोडा, पडणार नाही." आणि मग ते "बसा".

मी बसलो फुटपाथच्या कडेला आणि माझे हात बघितले. बोटं अजून ब्रेक दाबल्यासारखी वाकडीच होती, सरळ होईनात. तळहातावर ग्रिपची नक्षी उमटलेली. तुम्ही सायकल धरून उभ्या होता आणि दुसरीकडे बघत होता, ते मी नीट पाहिलंय. म्हणजे मी पाणी प्यालो, चष्मा पुसला, आणि हो, थोडं डोळ्यांतलंही पुसलं, तर ते तुम्हाला दिसू नये अशा बेताने तुम्ही रस्त्याकडे तोंड करून उभ्या होता. पाच मिनिटं असतील. तुमचा फोन खिशात सारखा थरथरत होता, ऑर्डर येत असणार, तुमचं कामच ते, वेळेच्या हिशोबाने पैसे मिळणारं. एकदा काढलात, बघितलात, परत ठेवलात. मला त्याबद्दल चकार शब्द नाही.

दुरुस्ती त्यानंतर झाली आणि ती तर दोन मिनिटांची निघाली. लोकांना सांगतो तेव्हा सगळे तेच विचारतात, बिघाड काय होता, म्हणून सांगून टाकतो. तुम्ही विचारलंत, "बंद पडायच्या आधी स्पीड किती दाखवत होतं?" मी आठवून बघितलं तर शून्य. चालू होती, मी पॅडल मारत होतो, आणि स्क्रीनवर शून्य, माझ्या डोळ्यासमोर, आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मागच्या चाकाच्या एका स्पोकवर छोटं लोहचुंबक असतं, चाक फिरलं की ते फ्रेमवरच्या सेन्सरसमोरून जातं आणि त्यावरून मशीनला वेग कळतो. ते सैल होऊन मधल्या बाजूला घसरलं होतं. वेगच कळला नाही तर २५ ला थांबायचं कधी हे मोटरला कळणार कसं, मग ती मदतच बंद करते. सीटला धरून मागचं चाक वर उचललंत, चुंबक खाली ओढून सेन्सरसमोर आणलंत, मध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जागा, चावीच्या टोकाने स्क्रू आवळलात आणि हाताने चाक फिरवलंत. स्क्रीनवर ४, मग ७, मग ९. पान्याचं चिन्ह गेलं. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या, वाकड्या बोटांनी.

पण ताई, मी हे पत्र चुंबकासाठी लिहीत नाहीये. चुंबक दुकानातल्या पोरालाही बसवता आलं असतं, हेल्पलाईनवाल्यालाही फोनवरून सांगता आलं असतं, आलं असतं म्हणतो. अडचणीतल्या माणसाला आपण सगळे आधी माहिती द्यायला जातो, मीही तसाच आहे, बायको तर म्हणते की तू आजारी माणसाला भेटायला गेलास तरी त्याला त्याचाच आजार समजावून सांगतोस. तुम्ही आधी त्याच्या हातातलं घेतलंत. हे कुणी शिकवतं का हो? घरात बघून येत असणार, किंवा कधीतरी तुम्हीही अशाच चढावर एकट्या उभ्या राहिला असाल. विचारायला हवं होतं.

बाकी जे शिकवलंत ते पण सगळं लक्षात आहे. सीट दोन बोटं खाली घेतलीत, बसल्या बसल्या पाय टेकायला लागले, ही एक गोष्ट सकाळीच झाली असती तर निम्मी भीती गेली असती. चढ दिसला की आधीच गिअर हलका करायचा, गिअर बदलताना पॅडलवरचा जोर क्षणभर कमी करायचा, नाहीतर चेनवर माझा आणि मोटरचा दोघांचाही ताण येतो. टर्बो, म्हणजे मोटरची सगळ्यात जास्त मदत, लावून सगळं शहर फिरायचं नाही, बॅटरी बघता बघता उतरते, टर्बो फक्त चढाला. आणि उतरून ढकलायची वेळ आली तर एक बटण दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने स्वतःच वर चढते, ताशी ६ किलोमीटरच्या आत. हे बटण सकाळपासून माझ्या अंगठ्याखाली होतं! अर्थात त्या बिघाडात तेही चाललं नसतं, तुम्हीच म्हणालात, पण तरीही.

संध्याकाळी सायकल परत दिली तेव्हा त्या पोराला म्हटलं मागचं चुंबक सैल आहे, नीट बसवून घे, पुढचा माणूस अडकेल. तो "हं" म्हणाला. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी उठला, पाना आणला, माझ्यासमोर आवळलं. थोडं चिडून आवळलं, पण आवळलं.

आता एक राहिलेलं. निघताना तुम्ही बॅग सारखी करता करता म्हणालात, "वर डिलिव्हरी नसते ना कधी, त्यामुळे मी शेवटपर्यंत गेलेच नाही. कसं आहे ते सांगा मला." आणि गेलात, नंबर नाही, नाव नाही, सांगू कुणाला? तर इथेच सांगतो.

मी गेलो वर. टर्बोवर, गिअर आधीच हलका करून. शेवटची दोन वळणं चांगलीच तिखट आहेत, सांभाळून या. वर एक कठडा आहे, त्याच्यावरून सगळी छपरं दिसतात, नदी मधोमध नाही वाटत, थोडी डावीकडे कलल्यासारखी वाटते. तुमचा तो चढ पूर्ण दिसतो, आपण जिथे थांबलो होतो ती भिंत पण दिसते, आणि मी होतो तेवढ्या वेळात तिथून पार्सलची बॅग घेतलेले तिघे गेले, लांबून सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे त्यातल्या तुम्ही होता का ते कळलं नाही, तरी मी हात केला तिघांनाही. वारा खूप आहे. एकच बाक आहे, लाकडी, एक फळी तुटलेली. बाकाच्या शेजारी जागा सपाट आहे, स्टँड नीट लागतो.