कानावर आलेल्या गोष्टीवर कारवाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आली की दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात एकच कुजबुज सुरू होते: कोणाला किती मिळाले? मालकाच्या कानावर गेले की तो चिडतो आणि ‘पगाराची चर्चा बंद’ असे फर्मावतो. चर्चा बंद होत नाही, ती चहाच्या टपरीवर आणि मालक नसलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते.

बहुतेक ठिकाणी या कुजबुजीचे मूळ पगारचिठ्ठीत असते. दोघांचा बोनस 14,000 रुपयेच, पण एकाच्या खात्यात 9,500 जमा होतात, कारण त्याची 4,500 ची उचल कापलेली असते. चिठ्ठीवर मात्र जमा रकमेचा एकच आकडा. मग पूर्ण रक्कम मिळालेला ‘मालकाच्या गावचा’ हे आपोआप जोडले जाते. बोनस आणि कपात वेगवेगळ्या ओळींत छापावी. कोणता पगार धरला, बिनपगारी रजा कशी मोजली, पैसे कोणत्या तारखेला जमा होणार, एवढे सूत्र फळ्यावर लावावे. कोणाची उचल किती हे मात्र कधीही लावू नये, ते ज्याचे त्याच्या हातात द्यावे.

खरा अन्याय होतो तो कान भरण्याने. जुना सुपरवायझर किंवा अकाउंटंट रोज बातम्या पुरवतो आणि मालक त्याला निष्ठा समजतो. ज्याच्याविषयी सांगितले त्याची वेतनवाढ अडते आणि का अडली हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारावे: स्वतः पाहिले की ऐकले? कधी? त्याच्यासमोर सांगाल? उत्तर ‘नाही’ असेल तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्याशी एक-दोन दिवसांत बोलावे, पण भर कामात केबिनमध्ये बोलावून नव्हे. ते बोलावणेच नवी बातमी होते. सुटीच्या वेळी पंधरा मिनिटे पुरतात. ‘कोण म्हणाले’ याचा छडा लावत बसू नये, त्याने तट पडतात. खुलासा सर्वांना करायचा तर आधी त्या माणसाची संमती घ्यावी. एखादा पुन्हा पुन्हा कोणाच्या घरच्या, आजारपणाच्या, चारित्र्याच्या गोष्टी पसरवत असेल तर आधी तोंडी समज द्यावी, मग नेमके वाक्य आणि तारीख लिहून लेखी ताकीद. मालकाच्या भाच्यालाही तीच.

एक गोष्ट कुजबुजीत कधीच ढकलू नये: लैंगिक छळाची तक्रार. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी हाताळणाऱ्याने तक्रारदार महिलेचे नाव बाहेर फोडणे हा कायद्याचा भंग आहे. लहान आस्थापनांत हे सहज घडू शकते, कारण चौकशी करणारे आणि टपरीवर बसणारे एकच असतात.

समितीचा पत्ता मालकाच्या खुर्चीमागे नव्हे, तर महिलांच्या स्वच्छतागृहाच्या आत लावावा. तिथे तो कोण वाचते आहे, हे कोणी टिपून ठेवत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे