जनुकक्रम वाचायला बीएस्सीतच शिकवा

महोदय,

सिकलसेल तपासणीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. 'एएस', म्हणजे सिकलसेलची वाहक असलेली मुले माझ्याच वर्गात बसतात. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिला जातो; त्यातले ज्या एका अक्षराच्या बदलाने हा आजार घडतो ते अक्षर त्यांना स्वतः शोधता येते, आणि त्यासाठी इंटरनेट असलेला संगणक पुरतो. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्सचे, म्हणजे संगणकावर जनुकक्रम अभ्यासण्याच्या शास्त्राचे, केंद्र १९८७ पासून आहे. तालुक्याच्या गावात मात्र हा विषय अजूनही 'आपला नाही' असेच समजतात.

आमचे प्रॅक्टिकल असे चालते. जेनबँक हा अमेरिकेतला जनुकक्रमांचा साठा १९८२ पासून आहे आणि तो कोणालाही फुकट पाहता येतो. त्यातून हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक घ्यायचे. प्रथिन घडवणारा त्यातला भाग अवघा ४४४ अक्षरांचा. पहिल्या 'एटीजी'पासून, म्हणजे प्रथिनाची सुरुवात दाखवणाऱ्या तीन अक्षरांपासून, मोजत गेले की विसावे अक्षर 'ए' येते. सिकलसेलमध्ये तिथे 'टी' असतो. तीन अक्षरे मिळून प्रथिनातला एक घटक ठरतो; इथे जीएजीचे जीटीजी होते, म्हणून ग्लुटामिक आम्ल या घटकाच्या जागी व्हॅलिन बसते आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मग मी विचारते, 'सीसीटीजीएजीजी' एवढा तुकडा ओळखून डीएनए कापणारे एक विकर आहे, ते सिकलसेलच्या क्रमात इथे कापेल का? दोन्ही क्रम एकाखाली एक मांडून मुली सांगतात, नाही कापणार. याच तत्त्वावर गर्भाच्या निदानाची चाचणी १९८२ मध्ये पुढे आली होती.

त्यानंतर ब्लास्ट. हाती असलेल्या क्रमाशी जुळणारे क्रम शोधून देणारा हा प्रोग्रॅम १९९० चा. मुले आधी टक्केवारी पाहतात. पण पंधरा अक्षरांचा तुकडा शंभर टक्के जुळला म्हणून हुरळून जायचे कारण नाही, एवढ्या प्रचंड साठ्यात तो योगायोगानेही सापडतो. असा योगायोग किती संभवतो ते ई-व्हॅल्यूवरून कळते. ती पाहण्याची सवय लावणे, हेच माझ्या मते खरे शिकवणे. माणसाची आणि चिंपांझीची बीटा साखळी तंतोतंत सारखी निघते तेव्हा तर प्रश्नांची झुंबड उडते, तास संपला तरी कोणी उठत नाही.

परीक्षेत मात्र 'ब्लास्ट म्हणजे काय?' एवढेच विचारतात. पाठ करून त्यात पैकीच्या पैकी मिळतात.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे प्रॅक्टिकल सक्तीचे करा. परीक्षेत प्रत्येकाला वेगळा, अनोळखी क्रम द्या आणि तो कोणत्या प्राण्याचा, कशावरून ओळखला, हे मराठीतही लिहू द्या. मात्र त्यासाठी कोणा रुग्णाचा किंवा विद्यार्थ्याचा नमुना घेऊ नये. जेनबँकेतले क्रम भरपूर आहेत.

- प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. गडचिरोली