पडद्याच्या साखळीचा फास : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुण्यातल्या घरातले कापडी पडदे काढून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर नळीवर गुंडाळले जाणारे पडदे, बसवले. महिनाभराने दीड वर्षाची नात सोफ्यावर चढून खिडकीशी उभी राहिली आणि ब्लाइंड वर-खाली करायची पांढऱ्या मण्यांची साखळी तिने माळेसारखी गळ्यात घातली. तिचा पाय उशीवरून घसरला आणि साखळी हनुवटीखाली ताणली गेली, तेव्हा मी दोन हातांवर बसलो होतो, म्हणून तिला वेळेत उचलता आले. तिच्या तोंडून एवढासाही आवाज निघाला नव्हता. मी स्वयंपाकघरात असतो तर मला काहीच कळले नसते.

नंतर टेप लावून पाहिले, तर साखळीचे खालचे टोक जमिनीपासून अवघ्या 40 सेंटीमीटरवर लोंबत होते. माळ्यावरच्या खोक्यात एक न फोडलेली पुडी सापडली. तिच्यात साखळी ताणून भिंतीशी जखडणारा प्लास्टिकचा एक तुकडा आणि दोन स्क्रू होते. ब्लाइंड बसवणाऱ्या कारागिराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काका, भिंतीला जास्तीची भोकं पाडली की लोक ओरडतात, म्हणून आम्ही ते लावतच नाही." त्याचे खोटे नव्हते; आमच्याकडेही त्याला कोणी ओरडले असते, बहुधा मीच.

माझे म्हणणे या पुडीपासूनच सुरू होते. लावली नाही तरी ब्लाइंड बिनबोभाट चालतो, अशी वस्तू पुडीत घालून दिल्याने मूल सुरक्षित होत नाही. मुलांवर लक्ष ठेवावे हे आम्हालाही कळते, परंतु लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, फासात अडकल्यावर स्वतःला सोडवण्याचे बळ त्याच्यात नसते आणि गळा आवळला गेल्यावर शुद्ध हरपायला एक मिनिटही लागत नाही आणि काही मिनिटांत जीवही जाऊ शकतो. दाराची बेल वाजली म्हणून उठून गेलेल्या आईला तेवढ्या वेळात परत येणे जमेलच असे नाही.

इतर देशांनी हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सांगण्यानुसार तेथे पडद्यांच्या दोऱ्यांत अडकून पाच वर्षांपर्यंतची सरासरी नऊ मुले दरवर्षी दगावतात. तेथील उद्योगाच्या 2018 च्या मानकाने दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडवरील मोकळ्या दोऱ्या काढायला लावल्या, पण माप देऊन बनवलेले ब्लाइंड त्यातून सुटले, आणि त्यांच्यासाठी तोच नियम लागू व्हायला 2024 साल उजाडावे लागले. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्याकडे दुकानदार घरी येऊन खिडकीचे माप घेतो आणि त्याबरहुकूम ब्लाइंड बनवून आणतो. ही पळवाट आपण उचलली, तर नियमात यायला फारसे काही उरणारच नाही. कॅनडाने 2021 पासून लागू केलेला नियम मला अधिक नेमका वाटतो. त्यानुसार मुलाच्या हाताला लागेल अशी दोरी 22 सेंटीमीटरपेक्षा लांब असता कामा नये आणि दोरीच्या वेढ्याचा घेर 44 सेंटीमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. आमच्या दिवाणखान्यातल्या साखळीचा घेर मीटरच्या पुढे जातो.

आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय मानक ब्युरोने घरगुती पडदे व ब्लाइंडसाठी मोकळ्या दोऱ्या आणि लोंबते वेढे वगळणारे मानक तयार करावे आणि केंद्र सरकारने 2016 च्या मानक ब्युरो कायद्यातील कलम 16 चा आधार घेऊन ते सक्तीचे करावे, अशी माझी विनंती आहे. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झालेच आहे. ज्या बाहुलीची तपासणी होते, तिच्या डोक्यावर लोंबणाऱ्या साखळीची होत नाही, हे विचित्र आहे. जेथे साखळी खरोखरच टाळता येत नसेल, तेथे ती भिंतीला जखडल्याशिवाय ब्लाइंड चालूच नये अशी रचना असावी, म्हणजे पुडी फोडायची की नाही हा प्रश्नच राहणार नाही.

मानक तयार व्हायला वेळ लागेल हे मान्य, पण घराघरांत आधीच लागलेल्या ब्लाइंडचे काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेट व प्रेशर कुकरबाबत सुरक्षा सूचना काढली होती. तशीच सूचना याबाबतही काढता येईल. पाळणा, पलंग व सोफा खिडकीपासून दूर ठेवा, साखळी भिंतीला पक्की करा आणि सुट्या दोऱ्या उंचावर गुंडाळून ठेवा, एवढे तीन ओळींत सांगता येते, आणि विक्रेत्यांनी तेच मराठीसह प्रादेशिक भाषांत बिलावर छापावे.

आमच्या घरातली पुडी मी त्याच संध्याकाळी फोडली आणि ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून मागून आणले. भिंतीला दोन भोके पडली आहेत.

आपला,
एक आजोबा, पुणे