मोठ्या थिएटरची ऑफर आणि तुझं नाटक

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचून आधी जाम आनंद झाला, खरंच, म्हणजे ज्या नाटकाला सुरुवातीला कोणी तारखा द्यायला तयार नव्हतं त्यासाठी आता मोठ्या शहरातला निर्माता स्वतःहून फोन करतोय आणि अकराशे सीटचं थिएटर देतो म्हणतोय. पण पुढे वाचत गेलो तसं टेन्शन यायला लागलं. तू विचारलंयस जाऊ का नको, तर माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, नंतर काय भांडायचं ते भांड. नाटक जावं, नक्की जावं, पण त्या अकराशेच्या थिएटरात जाऊ नये. चारशे-साडेचारशेचं एखादं शोधायला सांग त्यांना, आणि नटसंच हाच ठेव.

आता का ते सांगतो. सहीचा प्रवेश आठव ना. मोठी बहीण घराच्या कागदांवर सही करते आणि मग पेनाचं टोपण लावायला तिला इतका वेळ लागतो, धाकटी बघत राहते, कोणी काही बोलत नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि टोपण बसल्याचा टक्क आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि शेजारच्या बाई रडायला लागल्या. हे तू दीडशे सीटच्या खोलीत बसवलंयस, तिथल्या अंतरासाठी बसवलंयस. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पेनच दिसणार नाही रे, मग टोपण कुठलं. आणि मग काय होतं तुलाही माहितीये, रंगीत तालमीला कोणीतरी म्हणतं मागे पोचत नाहीये, मग ती पेन फेकते, नाहीतर तिथे व्हायोलिन येतं, नाहीतर धाकटीला एक वाक्य लिहून दिलं जातं. प्रत्येक बदल त्या क्षणी बरोबरच वाटतो आणि दोन आठवड्यांनी नाटक दुसरंच झालेलं असतं.

दुसरी गोष्ट वेगाची. दोघी एकमेकींचं वाक्य तोडत बोलतात, त्यातच सगळी मजा आहे. मोठ्या हॉलमध्ये हशा पुढून सुरू होऊन मागे पोचेपर्यंत वेळ जातो, नटाला थांबावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य वाहून जातं. असे पन्नास पॉज धर, नाटक लांबतं आणि ताण सुटतो. माइक लावू म्हणतील, पण मग कुजबुज काय आणि किंचाळणं काय, सगळं त्याच स्पीकरमधून येणार, कोण कुठून बोलतंय हे कानाला कळतच नाही.

तू म्हणशील हा नेहमीचाच छोट्या थिएटरचा भक्त. नाही रे. 'ऑगस्ट: ओसेज काउंटी' बघ, ट्रेसी लेट्सचं, 2007 ला शिकागोच्या स्टेपनवुल्फमध्ये आलं, पाचशेच्या आसपास सीट, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला इम्पीरियलमध्ये गेलं, चौदाशेच्या वर सीटचं थिएटर. गाजलं, पुढच्या वर्षी पुलित्झरही मिळालं. पण ते नाटक मुळातच अवाढव्य होतं, तेरा पात्रं, स्टेजवर तीन मजली घर, आरडाओरडा, जेवणाच्या टेबलावर मारामारी. त्याला मोठी जागा मानवलीच असती. शिवाय शिकागोतले बरेचसे मूळ नट तसेच सोबत गेले, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आणि 2008 च्या एप्रिलमध्ये, चांगलं चालू असतानाच, ते म्युझिक बॉक्स नावाच्या, त्याहून लहान थिएटरात हलवलं. तुझ्याकडे दोन बहिणी आणि एक टेबल आहे, हे लक्षात घे.

उलट 'द वूमन इन ब्लॅक' चं घे. हे मला सारखं आठवतंय तुझं पत्र आल्यापासून. इंग्लंडमधल्या स्कारबरोसारख्या समुद्राकाठच्या गावात 1987 च्या ख्रिसमसला, थिएटरच्या बारमध्ये, दोन नट घेऊन केलेलं भुताचं नाटक. खर्चाला पैसे नव्हते म्हणून सगळं प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडलेलं, एक टोपली कधी घोडागाडी होते कधी पलंग. तिथून ते लंडनला गेलं आणि इकडेतिकडे फिरून 1989 मध्ये फॉर्च्युन थिएटरला स्थिरावलं. फॉर्च्युन म्हणजे वेस्ट एन्डमधल्या, म्हणजे लंडनच्या मुख्य नाटकवस्तीतल्या, अगदी लहान थिएटरांपैकी एक, साधारण 430 सीट. तिथे ते 2023 पर्यंत चाललं! तेरा हजारांच्या वर प्रयोग! मला तरी वाटतं हेच ते हजार सीटच्या थिएटरात नेलं असतं तर भीती मागच्या रांगांपर्यंत पोचलीच नसती, कारण शेजारचा माणूस दचकला की आपण दचकतो आणि त्यासाठी सगळ्यांनी दाटीवाटीने बसावं लागतं. मोठ्या शहरात जाणं आणि मोठ्या थिएटरात जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत मंदार, तुझ्या निर्मात्याने त्या एकत्र करून तुझ्यासमोर ठेवल्यात.

आणि गाजलेलं नाटक सगळीकडे गाजतंच असंही नाही. 'एन्रॉन' 2009 ला चिचेस्टरच्या छोट्या मिनर्व्हामध्ये आलं, मग लंडन, तिथेही जोरात, आणि 2010 ला न्यूयॉर्कला नवे नट घेऊन गेलं तर 27 एप्रिलला उघडलं आणि 9 मे ला बंद. तिथे बाकीचीही कारणं असतील, पण इतकं पटकन होऊ शकतं.

पैशाचं बोलू, कारण तू त्या पॅराग्राफमध्ये थोडा अवघडलेला वाटलास. अवघडू नकोस. तुझ्या नटांनी इतके दिवस जवळजवळ फुकटात काम केलंय, त्यांना नीट पैसे मिळायलाच हवेत आणि जास्त लोकांनी नाटक बघायलाच हवं, म्हणूनच मी घरी बस असं म्हणत नाहीये. पण हिशोब बघ. थिएटरचं भाडं, स्टाफ, जाहिरात हा खर्च दर आठवड्याला उभाच असतो, सीट भरो न भरो. अकराशेच्या हॉलमध्ये चारशे लोक आले तर तो हॉल रिकामा दिसतो, नटांना तो रिकामेपणा अंगावर येतो, बाहेर बातमी जाते की चालत नाहीये. तेच चारशे लोक 430 च्या थिएटरात आले तर जवळजवळ हाऊसफुल्ल. आणि अकराशे भरायचे तर निर्माता नाव मागणार, म्हणजे टीव्हीवरचा चेहरा, म्हणजे मोठ्या बहिणीचं काम करणारीला बाजूला करणार. हे त्याने अजून म्हटलं नसेल पण म्हणेल. ते तू मान्य करू नयेस असं मला फार मनापासून वाटतं, कारण तो पॉज तिचा आहे, तो संहितेत लिहिलेला नाही.

करारात तारखांचं कलम नीट वाच, किती प्रयोग, कमी कधी करता येतील आणि तो निर्णय कोण घेणार. ॲलन एकबर्नसारख्या ब्रिटिश नाटककाराला, ज्याची नाटकं वर्षानुवर्षं स्कारबरोहून लंडनला जात होती, 2002 ला हाच अनुभव आला. 'डॅम्झल्स इन डिस्ट्रेस' म्हणून त्याची तीन नाटकं एकाच नटसंचाने आळीपाळीने करायची होती, लंडनला गेल्यावर निर्मात्यांनी त्यातल्या दोन नाटकांचे प्रयोग कमी करून जे जास्त खपत होतं त्यावरच भर दिला, तो इतका चिडला की नवी नाटकं वेस्ट एन्डला देणंच त्याने काही वर्षं बंद केलं. त्याच्यासारख्याचं ऐकलं नाही तर आपलं कोण ऐकणार, म्हणून तोंडी शब्दावर राहू नकोस, सगळं लिहून घे.

आणि समजा लहान थिएटर मिळतच नसेल तर निदान बैठक बदलता येते का विचार. एकबर्नचंच 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' 2008 ला ओल्ड व्हिकने परत केलं तेव्हा त्यांनी आख्खं थिएटर गोल करून टाकलं, स्टेजच्या चारी बाजूंना प्रेक्षक. खर्चिक आहे, निर्माता नाक मुरडेल, पण बाल्कनी बंद ठेवून पुढे स्टेज वाढवणं एवढं तरी होऊ शकतं. सही करायच्या आधी दोघींना घेऊन त्या थिएटरात जा, त्यांना प्रवेश करू दे आणि तू बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीत बस. नेपथ्यवाल्यालाही ने, त्याला लाइन ऑफ साइट, म्हणजे कुठल्या खुर्चीतून काय दिसतं, ती तुझ्यापेक्षा चांगली कळते.

निर्मात्याची मीटिंग कधी आहे ते लिहिलं नाहीस. त्याच्या आधी कराराचा मसुदा मला पाठव, माझ्या ओळखीची एक वकील आहे जी नाटकवाल्यांचीच कामं करते, तिच्याकडून बघून घेऊ. आणि फोन कर, कितीही रात्र झाली तरी चालेल.

तुझा,
विनय